लेओडचे लेक

जुन्या नॉर्स भाषेत 'ल्योत' म्हणजे कुरूप. तरी या नावाची माणसं त्या काळच्या कथांमध्ये वरचेवर भेटतात, आणि ती काही टाकलेली पोरं नव्हेत. दहाव्या शतकात ऑर्कनी बेटांचा एक अर्लच ल्योत नावाचा होता. दगडू, धोंडू, केरू अशी नावं ठेवून काळाची नजर चुकवणाऱ्या मराठी माणसाला याचं फारसं नवल वाटू नये. तेराव्या शतकात स्कॉटलंडच्या वायव्येला, स्काय बेटाच्या परिसरात, असाच एक ल्योत होऊन गेला. त्याच्या भोवतीचे लोक गेलिक बोलत. त्यांच्या तोंडी तो 'लेओड' झाला. त्याच्या वंशजांना ते 'मक लेओड', म्हणजे लेओडचा मुलगा, म्हणू लागले आणि पुढे इंग्रजीत लिहिणाऱ्या कारकुनांनी त्याचं 'मॅक्लाउड' केलं. हिमाचलात आपण ज्याला मॅक्लिओडगंज म्हणतो, त्यातला मॅक्लिओड हाच.

स्कॉटिश आडनावांच्या गोष्टी सहसा रक्ताच्या गोष्टी म्हणून सांगितल्या जातात. एक शूर पूर्वज, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, आणि शेवटी टार्टन विकणारं दुकान. मॅक्लाउडांची गोष्टही तशी सांगता येते आणि ती फार देखणी दिसते. पण जरा खरवडून पाहिलं की खाली जमीन लागते, खंड भरणारी कुळं लागतात, धर्मगुरूंच्या नोंदवह्या लागतात. रक्त त्यामानाने थोडंच सापडतं.

व्हायकिंग या भागात आले ते आधी लुटायला. ७९५ साली आयोना बेटावरच्या मठावर त्यांची पहिली धाड पडली. ८०६ च्या धाडीत ६८ मठवासी मारले गेले. पण लुटारू कायम लुटारू राहत नाहीत. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर कसायला जमीन कमी, आणि इथे बेटांवर गवत, मासे, आसऱ्याची बंदरं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत त्यांनी घरं बांधली, गुरं पाळली, गेलिक बायका केल्या. नॉर्स लोक या बेटांना 'सुद्रेयार', दक्षिणेची बेटं, म्हणत. नॉर्वेकडून पाहिलं तर ती दक्षिणेलाच. मुख्य भूमीवरचे गेल त्यांना 'इन्शे गाल' म्हणू लागले, म्हणजे परक्यांची बेटं.

हे परके किती खोलवर रुजले ते नकाशाच सांगतो. ल्यूइस बेटावरच्या गावांपैकी पाचातल्या चारांची नावं मुळात नॉर्स आहेत. शॉबोस्ट, लर्बोस्ट, स्कायवर कार्बोस्ट, कोलबोस्ट, स्कीबोस्ट. शेवटचं 'बोस्ट' म्हणजे शेतवाडी. डोंगरांच्या नावाअखेरचं 'वल' म्हणजे नॉर्स 'फ्याल', पर्वत. बेटांच्या नावातलं शेपूट 'ए' किंवा 'आय' म्हणजे बेटच. भाषा मात्र बापाची टिकली नाही, आईची टिकली. काही पिढ्यांनी ही नॉर्स नावं असलेली गावं गेलिकच बोलू लागली, आणि मुलांना नावं ठेवताना ओलाफ, मॅग्नस अशी आजोबांची नावं गेलिक वळणाने उच्चारू लागली.

१८३१ मध्ये ल्यूइसच्या पश्चिम किनाऱ्यावर, ऊग इथे, वाळूत एक साठा सापडला. त्यात वॉलरसच्या सुळ्यातून कोरलेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्या होत्या. इतर खेळाच्या सोंगट्या आणि एक पट्ट्याची कडी धरून ९३ वस्तू. बहुधा बाराव्या शतकात नॉर्वेच्या ट्रॉनहाइम शहरात त्या घडवल्या गेल्या. गालावर हात टेकून बसलेली राणी आणि ढालीची कड दातांनी चावणारा, हत्तीच्या जागचा पहारेकरी. नॉर्वे आणि आयर्लंड यांच्या दरम्यानच्या रहदारीच्या सागरी वाटेवर ही बेटं होती, आणि लेओड जन्मला ते याच जगात.

कागदावर तेव्हा बेटं नॉर्वेच्या राजाची होती. १०९८ मध्ये मॅग्नस बेअरलेगने ती आपल्या ताब्यात असल्याचं स्कॉटलंडच्या राजाकडून कबूल करून घेतलं होतं. दीडेकशे वर्षांनी स्कॉटलंडचा राजा ती परत मागू लागला, तेव्हा म्हातारा हाकोन चौथा मोठं आरमार घेऊन निघाला. १२६३ च्या शरदात लार्ग्जच्या किनाऱ्यावर वादळाने त्याची काही जहाजं खडकांवर आदळली, किनाऱ्यावर गोंधळाची चकमक झाली, आणि हाकोन ऑर्कनीला परतला. त्याच डिसेंबरात कर्कवॉलला तो वारला. तीन वर्षांनी, १२६६ मध्ये, त्याच्या मुलाने पर्थच्या तहाने ही बेटं आणि आयरिश समुद्रातलं मॅन बेट स्कॉटलंडला देऊन टाकली. मोबदला ४,००० मर्क, चार हप्त्यांत, आणि दरसाल १०० मर्क कायमचे. बेटांवरच्या माणसांना एका सकाळी कळलं की आपला राजा बदलला. त्या माणसांत बहुधा साठीतला लेओड होता.

लेओड कोणाचा मुलगा? मॅक्लाउडांची घरची कथा सांगते की तो मॅनचा राजा ओलाफ द ब्लॅक याचा मुलगा. हा ओलाफ १२३७ मध्ये वारला. क्लॅनच्या, म्हणजे या विस्तारलेल्या घराण्याच्या, प्रमुखांच्या ढालीवर मॅन बेटाचे तीन पाय मिरवतात ते या नात्याने. पण मॅनच्या इतिवृत्तात ओलाफच्या मुलांची नावं आहेत, त्यात लेओड नाही. जुन्या गेलिक वंशावळी लेओडच्या बापाचं नाव वेगळंच देतात आणि मागे कुठेतरी ओल्वीर नावाच्या एका नॉर्स माणसापर्यंत जाऊन थांबतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश कायद्याचे इतिहासकार डेव्हिड सेलर यांनी हा सगळा पुरावा उलटापालटा करून दाखवला, आणि ओलाफचं पितृत्व उशिराची भर असल्याचं मत मांडलं. क्लॅनमधल्या अभिमानी मंडळींना ते रुचलं नाही. राजाचा मुलगा असणं नि राजाच्या दरबारातल्या एखाद्या सरदाराचा मुलगा असणं, यात व्यवहारात फार फरक नसतो, पण ढालीवर पडतो.

परंपरेनुसार लेओडने डनवेगनच्या नॉर्स सरदाराच्या मुलीशी लग्न केलं आणि हुंड्यात डनवेगनचा खडक मिळाला. त्या खडकावर उभा राहिलेला किल्ला अजून मॅक्लाउडांचा आहे. १७४८ पर्यंत त्यात शिरायला एकच दार होतं, तेही समुद्राकडून. पाहुणा असो वा शत्रू, होडीतूनच यायचा. लेओडच्या वंशाच्या दोन मोठ्या शाखा झाल्या. एक टॉर्मोडची, तिच्याकडे हॅरिस, स्कायचा पश्चिम भाग, मुख्य भूमीवरचं ग्लेनेल्ग. दुसरी टॉर्क्विलची, तिच्याकडे ल्यूइस. दोन्ही नावं 'थोर' या नॉर्स देवाच्या नावावरून: थोर्मोद आणि थोरकेटिल. टॉर्मोडचं इंग्रजी रूप करताना लिहिणाऱ्यांनी 'नॉर्मन' निवडलं, केवळ कानाला जवळचं म्हणून. म्हणून डनवेगनच्या प्रमुखांत इतके नॉर्मन सापडतात. नॉर्मंडीशी त्यांचा काही संबंध नाही. १३४३ च्या सुमारास राजा डेव्हिड दुसरा याने दोन्ही शाखांना सनदा दिल्या, एकीला ग्लेनेल्गचा मोठा हिस्सा आणि दुसरीला असिंट. या सनदा म्हणजे घराण्याचा पहिला भक्कम कागद. आधीचं सगळं भाटांच्या तोंडी.

अशी आडनावं एकटी मॅक्लाउडांची नाहीत. मॅकास्किल म्हणजे आस्केटिलचा मुलगा, मॅकायव्हर म्हणजे ईवारचा. लॅमॉन्ट हे तर नॉर्स 'लोगमाद्र', कायदा सांगणारा, यावरून आलं. आणि ल्यूइसचे मॅकॉले म्हणजे ओलाफचे लेक. त्याच वंशातला धर्मोपदेशक ऑले मॅकॉले हॅरिसला होता. त्याचा नातू झॅकरी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढला. झॅकरीचा मुलगा थॉमस बॅबिंग्टन. १८३५ मध्ये कलकत्त्यात बसून भारतीयांना इंग्रजी शिक्षण द्यावं अशी टिपणी लिहिणारा मॅकॉले, ज्याच्या नावाने आजही मराठी व्यासपीठांवर खडे फोडले जातात, तो नावापुरता का होईना, एका व्हायकिंगाचा मुलगा. तो मात्र स्वतःला पक्का इंग्रज समजत असे, आणि हायलँडच्या जुन्या जगाबद्दल त्याने लिहिलं तेही फारशा प्रेमाने नव्हे.

डनवेगनमध्ये काचेआड एक जीर्ण रेशमी कापड टांगलेलं आहे, पिवळट-तपकिरी, जागोजाग रफू केलेलं. हा मॅक्लाउडांचा परीध्वज. एका प्रमुखाने परीशी लग्न केलं, निरोपाच्या वेळी तिने हे दिलं, आणि संकटात फडकवलं की तीनदा विजय मिळेल असं सांगितलं. दोनदा फडकवून झालं आहे, एकदा शिल्लक आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमचे वस्त्रतज्ज्ञ ए. जे. बी. वेस यांनी ते तपासलं. रेशीम पूर्वेकडचं, सिरिया किंवा ऱ्होड्सकडचं असावं, असं त्यांचं मत झालं. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाच्या पदरी असलेला आणि १०६६ मध्ये इंग्लंडात मारला गेलेला नॉर्वेचा राजा हाराल्ड हारद्राद याने ते उत्तरेत आणलं असावं, असाही अंदाज निघाला. तेव्हाचे प्रमुख सर रेजिनाल्ड यांनी वेस यांना नम्रपणे सांगितलं म्हणतात, की तुम्ही तसं समजा, पण हे परीने दिलं हे मला पक्कं माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात क्लॅनचे काही वैमानिक या ध्वजाचा फोटो खिशात ठेवून उडायचे.

परीच्या गोष्टीत रमणाऱ्या या घराण्याचं सोळावं शतक मात्र घाणेरडं आहे. १५७७ च्या सुमारास मॅक्लाउडांची होड्यांची टोळी एग बेटावर उतरली. तिथल्या मॅकडॉनल्डांशी जुनं वैर होतं. बेटावरची माणसं एका गुहेत लपली. मॅक्लाउडांनी गुहेच्या तोंडाशी आग पेटवली आणि आतली जवळजवळ चारशे माणसं धुराने गुदमरून मेली, बायका-मुलांसकट. त्या शतकात लिहिलेल्या बेटांच्या एका वर्णनात ही नोंद आहे. पुढच्याच वर्षी मॅकडॉनल्डांनी स्कायवरच्या ट्रंपन इथे प्रार्थनेसाठी जमलेल्या मॅक्लाउडांसह चर्च पेटवलं, असं परंपरा सांगते. परीध्वज दुसऱ्यांदा फडकला तो याच दिवशी. अशा सूडांना 'क्लॅनयुद्ध' म्हणून रम्य रंग देण्याची हौस एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांना होती. ती हौस एगच्या गुहेपाशी टिकत नाही.

ल्यूइसची शाखा मात्र शत्रूपेक्षा स्वतःच्या घरामुळे बुडाली. म्हातारा प्रमुख रोरी याने तीन लग्नं केली, पहिल्या बायकोचा मुलगा टॉर्क्विल आपला नाहीच असं जाहीर केलं, आणि औरस-अनौरस मुलांत मारामाऱ्या लागल्या. स्कॉटलंडचा राजा जेम्स सहावा याला ही संधी हवीच होती. त्याच्या मते बेटं श्रीमंत होती आणि बेटांवरचे लोक रानटी. १५९७ चा कायदा झाला: प्रत्येक सरदाराने आपल्या जमिनीचे कागद दाखवावेत. ल्यूइसचे कागद समाधानकारक निघाले नाहीत. १५९८ मध्ये राजाने ल्यूइस फाइफ प्रांतातल्या व्यापारी-जमीनदारांच्या एका मंडळाला दिलं. हे 'साहसी' शेतकरी, सुतार, सैनिक घेऊन स्टॉर्नोवेला उतरले. तीनदा वसाहत मांडली, तीनदा मोडली. रोरीचा अनौरस मुलगा नील याने त्यांची वस्ती जाळली, माणसं पकडली, खंडणी घेतली.

शेवटी १६१० मध्ये कंटाळलेल्या साहसींनी आपला हक्क शेजारच्या मॅकेंझी घराण्याला विकला. मॅकेंझींना बेटांवरचं युद्ध परकं नव्हतं. नील बेरीसे नावाच्या किनाऱ्याजवळच्या खडकावर तटबंदी करून सुमारे तीन वर्षं तग धरून राहिला. मॅकेंझींनी त्याच्या माणसांची बायकामुलं पकडली, आणि भरतीत बुडणाऱ्या जवळच्या एका कातळावर नेऊन ठेवली, नीलला दिसतील अशी. नीलने खडक सोडला. एप्रिल १६१३ मध्ये त्याला एडिनबरोत फाशी दिलं. ल्यूइसच्या मॅक्लाउडांचं राज्य संपलं.

राज्य गेलं, पण नाव गेलं नाही. आज ल्यूइसवर सर्वाधिक आढळणारं आडनाव मॅक्लाउडच आहे, मॅकेंझींच्या दोन शतकांहून अधिक मालकीनंतरही. हे सगळे म्हाताऱ्या रोरीचे वंशज असणं शक्य नाही.

झालं ते असं. त्या काळच्या साध्या शेतकऱ्याला आडनाव नसायचं. तो रोरीच्या इयनचा डोनाल्ड. नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव. गावात ओळख पटायला तेवढं पुरे. सतराव्या-अठराव्या शतकांत खंडाच्या याद्या आल्या, धर्मसभांच्या नोंदवह्या आल्या, सैन्यभरती आली, आणि प्रत्येक रकान्यात आडनाव लागू लागलं. कुळाने जमीनदाराचं नाव घेतलं, किंवा कारकुनाने ते त्याला दिलं. मॅक्लाउडाच्या जमिनीवर राहणारा मॅक्लाउड. प्रमुखालाही ते सोयीचं. आपल्या नावाची हजार माणसं म्हणजे हजार तलवारी. बेटावर गेलिकमध्ये आजही मुलीचं आडनाव 'मक' नसून 'निक' असतं, निक लेओड, लेओडच्या मुलाची मुलगी. आणि गावात चाळीस डोनाल्ड मॅक्लाउड असले की लोक पुन्हा बाप-आजोबांच्या नावाकडेच वळतात. इंग्रजी आडनाव पोस्टासाठी, सरकारसाठी.

डनवेगनची शाखा मात्र वाकून टिकली. १६०९ मध्ये आयोनावर बेटांच्या सरदारांना एकत्र बसवून राजाने अटींवर सह्या घेतल्या. थोरल्या मुलांना लोलँडच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या सखल भागातल्या, शाळेत धाडून इंग्रजी लिहायला-वाचायला शिकवावं, ही त्यातली एक. सही करणाऱ्यांत रोरी मोर मॅक्लाउड होता. दोन वर्षांनी त्याला जमिनीची पक्की सनद मिळाली. पुढच्या पिढ्या एडिनबरो-लंडनला घरं करू लागल्या, तिथले खर्च बेटावरच्या खंडातून भागेनात, आणि खंड वाढत गेले. १७३९ मध्ये स्काय आणि हॅरिसमधून स्त्री-पुरुष-मुलं जबरदस्तीने 'विल्यम' नावाच्या जहाजात भरून अमेरिकन वसाहतींत विकायला पाठवण्याचा डाव झाला. जहाज आयर्लंडच्या डॉनाहडी बंदरात थांबलं तेव्हा माणसं निसटली आणि प्रकरण फुटलं. डनवेगनचा बावीसावा प्रमुख नॉर्मन याच्यावर संशयाचं बोट गेलं. त्याच्याच लोकांनी त्याला 'दुष्ट माणूस' हे नाव दिलं. सहा वर्षांनी गादीवर हक्क सांगणाऱ्या प्रिन्स चार्ल्ससाठी हायलँड उठलं, तेव्हा हा नॉर्मन लंडन सरकारच्या बाजूला राहिला.

तो १७७२ मध्ये वारला आणि प्रचंड कर्ज मागे ठेवून गेला. वारस होता अठरा वर्षांचा नातू, तोही नॉर्मनच. पुढच्याच सप्टेंबरात डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉस्वेल डनवेगनला आठवडाभर पाहुणे होते. जॉन्सनना तिथून निघावंसं वाटेना. कर्ज फेडायला १७७९ मध्ये हॅरिस विकावं लागलं. घेणाराही मॅक्लाउड, ईस्ट इंडिया कंपनीच्या 'मॅन्सफील्ड' जहाजाचा कप्तान अलेक्झांडर. भारताच्या समुद्रात कमावलेल्या पैशाने प्रमुखाची जमीन त्याच्याच नावाच्या खलाशाकडे गेली. हॅरिसच्या रोडेल इथल्या जुन्या चर्चची त्याने दुरुस्ती केली. तिथे आठव्या प्रमुखाचं १५२८ चं थडगं आहे, आणि त्यावर शिडासह कोरलेलं लांब जहाज, व्हायकिंग गलबतांच्या घडणीचं.

तरुण नॉर्मनपुढे सैन्याशिवाय मार्ग नव्हता. १७७६ मध्ये अमेरिकेकडे जाताना त्याचं जहाज बंडखोरांच्या हाती पडलं, तो कैदी झाला. सुटून आला, बेचाळिसाव्या हायलँड पलटणीच्या दुसऱ्या बटालियनचा कर्नल म्हणून भारतात पोचला. नोव्हेंबर १७८२ मध्ये मलबारात पोन्नानीजवळ त्याच्या तुकडीने टिपूचा हल्ला परतवला. काही दिवसांनी हैदरअली वारला. मुंबईच्या इंग्रज सरकारने पश्चिम किनाऱ्यावरच्या सेनापती मॅथ्यूजला दूर करून सैन्य मॅक्लाउडकडे सोपवलं, आणि तो ते ताब्यात घ्यायला ५ एप्रिल १७८३ रोजी मुंबईहून 'रेंजर' नावाच्या बारा तोफांच्या जहाजातून दक्षिणेला निघाला. सोबत कर्नल हंबरस्टन आणि मेजर शॉ.

८ तारखेला विजयदुर्गासमोर मराठी आरमाराने त्यांना गाठलं. दोन मोठी जहाजं, एक केच आणि आठ गलबतं. सुभेदार आनंदराव धुळप. तुळाजी आंग्र्यांच्या पाडावानंतर, १७५६ पासून, पेशव्यांचं आरमार इथे होतं. सालबाईचा तह होऊन गेला होता, कागदोपत्री मराठे आणि इंग्रज मित्र होते. पण मराठ्यांच्या समुद्रातून परवानगीशिवाय जाणारं सशस्त्र जहाज धुळपांना मित्र दिसलं नाही. चार-साडेचार तास तोफा चालल्या. शॉ पडला. हंबरस्टनच्या फुप्फुसातून गोळी गेली. मॅक्लाउड जखमी झाला. 'रेंजर' विजयदुर्गाच्या धक्क्याला ओढून आणलं गेलं, आणि हंबरस्टन महिनाअखेर तिथेच वारला. पेशवे दरबारने पुढे इंग्रजांची समजूत घातली, कैदी सुटले. मॅक्लाउड विजयदुर्गात जखमा बऱ्या करत असताना बेदनूरला मॅथ्यूजने टिपूपुढे शरणागती पत्करली.

हंबरस्टनचं पूर्ण नाव थॉमस फ्रेडरिक मॅकेंझी हंबरस्टन. १७७९ मध्ये त्याने आपल्या चुलतभावाकडून सीफोर्थची जहागीर विकत घेतली होती, आणि त्या जहागिरीत ल्यूइस होतं. नील मॅक्लाउडला फाशी चढवून घेतलेलं ल्यूइस. म्हणजे १७८३ च्या एप्रिलमध्ये कोकणच्या किनाऱ्यावर धुळपांनी एकाच जहाजात डनवेगनचा मॅक्लाउड आणि ल्यूइसचा मॅकेंझी मालक पकडला होता. दोघेही इंग्रजांच्या गणवेशात, दोघेही जहागीर वाचवायला परमुलखात. मराठी बखरकारांना या वैराशी काय घेणं! त्यांच्या लेखी दोघेही टोपीकर.

नॉर्मन भारतातून पैसा घेऊन परतला, डनवेगन दुरुस्त केलं, १७९० मध्ये पार्लमेंटात गेला. तिथे या जमीनदार जनरलने मतदानाचा हक्क वाढवण्याची आणि गुलामांचा व्यापार बंद करण्याची बाजू घेतली. आजोबांच्या १७३९ च्या प्रकरणानंतर हे विशेषच. १८०१ मध्ये तो गेला तेव्हा कर्ज पुन्हा उभं होतं.

१८४६ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि स्काय उपाशी पडू लागलं. तेव्हाचा पंचविसावा प्रमुख, परत एक नॉर्मन, याने हजारो माणसांना महिनोन्‌महिने धान्य पुरवलं आणि स्वतः दिवाळखोर झाला. मग लंडनला जाऊन सरकारी कचेरीत नोकरी केली. ल्यूइसवर तेव्हा मॅकेंझींची मालकी संपली होती. १८४४ मध्ये ते बेट जार्डिन-मॅथेसन कंपनीच्या जेम्स मॅथेसनने विकत घेतलं. या कंपनीने चीनला अफू विकून पैसा केला होता, आणि मुंबईहून जाणाऱ्या माळव्याच्या अफूच्या व्यवहारात तिचे भागीदार होते जमशेटजी जीजीभाई. मॅथेसनने १८५० च्या दशकाच्या पूर्वार्धात सतराशेहून अधिक लोकांना कॅनडाला जाणाऱ्या जहाजांत बसवलं. माणसं गेली आणि जमिनीवर मेंढ्या आल्या.

नाव त्यांच्यासोबत गेलं. असिंटचा कडवा धर्मोपदेशक नॉर्मन मॅक्लाउड १८१७ मध्ये अनुयायांसह कॅनडात पिक्टूला गेला, मग केप ब्रेटनला. तिथे तीस वर्षं काढल्यावर सत्तरी उलटलेला हा म्हातारा १८५१ मध्ये पुन्हा स्वतः बांधलेल्या जहाजात चढला, ऑस्ट्रेलिया पाहिलं, मेलबर्नमधली सोन्याची हाव बघून वैतागला आणि न्यूझीलंडच्या वाइपूला स्थायिक झाला. मागून आणखी जहाजं आली. सगळे मिळून आठशेंवर लोक. १९२३ चं इन्शुलिनसाठीचं नोबेल बँटिंगसोबत जे. जे. आर. मॅक्लाउड यांना मिळालं. पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर सर डोनाल्ड मॅक्लाउड यांचं नाव धरमशालेजवळच्या छावणीला दिलं गेलं. आणि १९३० मध्ये ल्यूइसच्या टाँग गावातून मेरी अ‍ॅन मॅक्लाउड नावाची अठरा वर्षांची गेलिक बोलणारी मुलगी न्यूयॉर्कला घरकाम करायला गेली. तिचा मुलगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. तिच्या गावाचं नावही नॉर्सच, 'तुंगा', जिभेसारखी जमीन.

डनवेगनला पुरुषवंश १९३५ मध्ये थांबला. सर रेजिनाल्ड यांना मुलगा नव्हता. त्यांची मुलगी फ्लोरा अठ्ठाविसाव्या प्रमुख झाल्या आणि जगभर हिंडून त्यांनी मॅक्लाउड मंडळं उभी केली. १९५६ मध्ये डनवेगनला क्लॅनची पहिली परिषद भरली. फ्लोरांनंतर गादीवर आला त्यांचा नातू जॉन. जन्मतः त्याचं आडनाव वोलरिज-गॉर्डन होतं; मॅक्लाउड हे त्याने रीतसर बदलून घेतलं.

२००० मध्ये याच जॉन मॅक्लाउडने स्कायचे काळे कुलीन पर्वत एक कोटी पौंडांना विक्रीला काढले. कारण डनवेगनचं गळणारं छप्पर. गिर्यारोहक, स्थानिक लोक, वर्तमानपत्रं खवळली: डोंगर कोणाच्या मालकीचे असतात का? जॉनने रोरी मोरच्या १६११ च्या सनदेवर बोट ठेवलं. मग सनदेचा अर्थ लावण्याचं काम वकिलांकडे गेलं. सनदेत कुलीन स्पष्ट येतात का, याबद्दल शंका घेतली गेली, पण राजसंपत्तीच्या खात्याने शेवटी कोर्टात आव्हान द्यायचं नाही असं ठरवलं. गिऱ्हाईकही मिळालं नाही. जॉनने विक्री मागे घेतली. २००७ मध्ये तो वारला तेव्हा डोंगर मॅक्लाउडांचेच होते, आणि छपराचं काम बाकी होतं.